गुलाबपाणी की हायड्रेटिंग टोनर? सोलापूरच्या उन्हाळ्यापुरतं सांगते

एप्रिल लागला की आपल्या सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठक्क होते. त्यात नळाला रोज पाणी नाही, म्हणून तोंड धुवायलाही बोअरचं जड पाणी. पुसून झालं की गाल ओढल्यासारखे होतात. मग प्रश्न येतो, बाटली कुठली घ्यायची?

घरी पाकळ्या उकळून केलेलं गुलाबपाणी मी आधीच बाद करते. मागच्या उन्हाळ्यात मावशीने केलेलं फ्रीजबाहेर राहिलं. चौथ्या दिवशी तळाशी पांढरे तंतू तरंगत होते. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, त्यामुळे जंतूंना आयतं घर. करायचंच तर थोडं करा, फ्रीजमध्ये ठेवा, दोन-चार दिवसांत संपवा.

दुकानातलं गुलाबपाणी स्वस्त आणि बहुतेकांना चालतं. पण थंडावा वाटतो आणि सुकलं की संपलं, ओलावा धरून ठेवणारं त्यात फारसं काही नसतं. काही बाटल्यांत तर पाणी आणि सेंटच. शिवाय अस्सल गुलाबातही जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल हे वास देणारे घटक असतात आणि काहींना त्यांचीच ॲलर्जी येते. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे म्हणणं तेवढं सोडून द्या.

हायड्रेटिंग टोनर म्हणजे तोंड धुतल्यावर लावायचं, ओलावा देणारं पातळ द्रव. त्यात ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक ॲसिड असतं. नावातल्या ॲसिडला घाबरू नका, ते आपल्या कातडीतही असतं आणि पाणी धरून ठेवतं. भीती दुसऱ्याच गोष्टींची: बाटलीवरच्या घटकांच्या यादीत वरच ‘अल्कोहोल डिनॅट’ (पटकन उडून जाणारं अल्कोहोल) असेल, मेंथॉल किंवा ‘फ्रॅग्रन्स’ म्हणजे सेंट असेल, तर चेहरा चुरचुरू शकतो आणि आणखी कोरडा पडू शकतो. (सिटाइल अल्कोहोल वेगळं, ते मऊपणा देतं.) सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक ॲसिड असलेला टोनर पुटकुळ्या, डाग यांच्यासाठी, त्याला हायड्रेटिंग समजून दिवसातून तीनदा फासू नका. गरोदरपणात काहीही नवं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

माझा कौल बिनवासाच्या ग्लिसरीनवाल्या टोनरला. एकच अट, चेहरा ओलसर असतानाच वरून क्रीम लावायचं. आपल्या कोरड्या हवेत नुसता टोनर लावून पंख्याखाली बसलात तर ओलावा उडून जातो आणि पैसेही. कातडी तेलकट असेल आणि काही ओढत नसेल तर टोनर नसला तरी अडत नाही.

बाटलीवर उघड्या डबीचं चित्र आणि ‘12एम’ दिसलं तर उघडल्यापासून 12 महिने वापरायची. आणि घेतल्या घेतल्या तोंडाला लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून बघा. खाज किंवा लाली आली तर तिथेच थांबा. गाडीवर जाताना ओढणी घट्ट बांधून घामाघूम झाल्यावर हीच खाज गालावर उठली, तर नवीपेठेतून घरी येईपर्यंत जीव नकोसा होतो. मी भोगलंय.