डेटा कोण उघडतंय? किबाना की ग्राफाना-लोकी

ग्राहकांची माहिती पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहे, कुणी काय उघडलं याची नोंद (लॉग) ठेवणारं पीजीऑडिट सुरू केलंय, आता त्या लॉगचा डॅशबोर्ड किबानात बांधायचा की लोकी जोडलेल्या ग्राफानात, इथे बरेच जण अडतात.

ग्राफाना मुळात किबाना ३ मधूनच फुटून निघालं, दोन्ही दिसायला मिळतीजुळती, त्यामुळे नुसता डेमो बघून निवड करू नका. फरक साठवणीत आहे. किबानाखालचा साठा, इलास्टिकसर्च, लॉगमधल्या शब्दाशब्दाचा इंडेक्स करतं. ग्राफानाखालचं लोकी फक्त लेबलांचा (सर्व्हर, ॲप अशा मोजक्या खुणांचा) करतं आणि बाकी मजकूर दाबून (कॉम्प्रेस करून) ॲमेझॉनच्या एस३सारख्या स्वस्त जागी टाकतं.

हे जाणवतं चौकशीच्या वेळी. राजीनामा दिलेल्या माणसाने तीन महिन्यांत कुणाकुणाचे रेकॉर्ड उघडले? किबाना पटकन सांगतं. लोकी तेवढ्या काळाचा मजकूर चाळत बसतं. मग वापरकर्त्याचा आयडीच लेबल करावा असा मोह होतो. करू नका, दर आयडीला नवी स्ट्रीम (लॉगचा वेगळा प्रवाह) तयार होते आणि लोकी गुदमरतं.

खर्चात मात्र लोकी सरळ पुढे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे, वैयक्तिक डेटा संरक्षणाचे डीपीडीपी नियम २०२५ वर्षभर म्हणतात. एवढं सगळं इलास्टिकमध्ये ठेवायचं तर रॅम, डिस्क आणि शार्ड (इंडेक्सचे तुकडे) कळणारा माणूस, तिन्ही लागतात.

इशाऱ्यांचंही तसंच. रात्री दोनला कुणी अख्खं टेबल उपसलं तर ग्राफाना फुकटात ईमेल पाठवतं. स्वतःच्या सर्व्हरवरच्या किबानात त्यासाठी पैसे मोजावे लागतात.

ग्राफानाची एक खोच सहसा कुणी सांगत नाही. मोफत आवृत्तीत नुसता 'व्ह्यूअर'सुद्धा त्याच ऑर्गनायझेशनमधल्या (ग्राफानातल्या कप्प्यातल्या) डेटा सोर्सला, म्हणजे जोडलेल्या साठ्याला, हवी ती क्वेरी टाकू शकतो, डॅशबोर्ड लपवला तरी. ऑडिट लॉगमधल्या एसक्यूएलमध्ये मोबाइल नंबर, पॅन उघडे पडलेले असू शकतात, तेव्हा त्यासाठी वेगळी ऑर्गनायझेशन करा. किबानात कुठला इंडेक्स कुणाला दिसावा हे फुकट आवृत्तीतही रोलने ठरवता येतं.

दोन-तीन माणसांची आयटी टीम असेल तर मी लोकीच घेईन. सुरक्षेसाठी वेगळा माणूस आहे आणि चौकश्या वरचेवर होतात, तिथे इलास्टिकचा खर्च वसूल होतो.

पण ॲप एकाच डेटाबेस खात्याने जोडलेलं असेल तर दोन्हीकडे तेच एक नाव दिसेल. आधी ॲपकडून खऱ्या वापरकर्त्याचा आयडी लॉगमध्ये उतरवा. कनेक्शन पूल असेल (तीच कनेक्शनं अनेकांत वाटून वापरली जात असतील) तर हा आयडी दर ट्रान्झॅक्शनला नव्याने सेट करावा लागतो.