ऑटोसस्पेंड: घरच्या सर्व्हरची झोप शिस्तीत आणणारा प्रोग्रॅम

घरच्या लिनक्स सर्व्हरवर डेबियनसोबत (ही लिनक्सचीच एक आवृत्ती) मी ऑटोसस्पेंड बऱ्याच काळापासून वापरतेय. मशिन कुणी वापरत नसलं की त्याला झोपवणारा, म्हणजे कमी विजेच्या अवस्थेत नेणारा, हा प्रोग्रॅम. ज्यांच्याकडे फोटो, बॅकअप, सिनेमे सांभाळणारं असं मशिन आहे त्यांनी तो जरूर वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अट एकच. मशिन हाताने झोपवून हाताने उठवता येतंय याची खात्री आधी करून घ्यायची. ती केली नसेल तर दोष मदरबोर्डचा असतो आणि बोल प्रोग्रॅमला लागतो. ऑटोसस्पेंडबद्दलच्या तक्रारी वाचल्या की निम्म्या या जातीच्या वाटतात.

हा प्रोग्रॅम लागतोच कशाला? लिनक्समध्ये रिकाम्या मशिनला झोपवायची सोय आहेच, पण ती डेस्कटॉपच्या हिशोबाने केलेली आहे. कीबोर्डला, माउसला कुणी हात लावला नाही की मशिन रिकामं, एवढंच तिला कळतं. सर्व्हरला तर कीबोर्डच नसतो. म्हणून नोम या डेस्कटॉपसकट बसवलेला सर्व्हर लॉगिनच्या पडद्यावर काही मिनिटं थांबून खुशाल झोपी जातो आणि तिकडे कुणाचा तरी बॅकअप अर्ध्यात तुटतो. मग वैतागलेला माणूस स्लीप, सस्पेंड, हायबरनेट ही झोपेची सगळी टार्गेटं सिस्टिमडीमध्ये (लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) मास्क, म्हणजे पुरती बंद, करून टाकतो आणि मशिन चोवीस तास जागं राहतं. हा त्रास थांबतो, पण काम असतं दिवसाकाठी दोन-तीन तासांचं आणि डिस्क मात्र रात्रभर फिरत राहतात.

ऑटोसस्पेंड प्रश्नच वेगळा विचारतो: या घडीला या मशिनचा कुणी उपयोग करतंय का? पायथनमध्ये लिहिलेला हा छोटा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) ठरावीक वेळाने एकेक तपासणी चालवतो. कुणी एसएसएचने (दुरून लॉगिन करायची सोय) आत आहे का, सांबावर (नेटवर्कवर फाइली वाटून देणारा प्रोग्रॅम) कुणी जोडलेलं आहे का, कोडी हा सिनेमे-गाणी लावणारा प्रोग्रॅम काही वाजवतोय का, अमुक नावाची प्रोसेस चालू आहे का, लोड म्हणजे प्रोसेसरवरचा भार किती आहे. यातली एक जरी ‘हो’ म्हणाली तरी घड्याळ पुन्हा शून्यावर. सगळ्या ‘नाही’ म्हणाल्या आणि तसाच ठरलेला वेळ गेला, मूळ सेटिंगमध्ये ३०० सेकंद, की मग झोप. मी हा वेळ वाढवून पंधरा मिनिटं केलाय. पाच मिनिटांत झोपणारं मशिन सिनेमा थांबवून फोनवर बोलणाऱ्या माणसावर अन्याय करतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे याच्या नोंदी. मशिन झोपत का नाही, हा या विषयातला नेहमीचा छळ. इतर उपायांमध्ये त्याचं उत्तर अंदाजाने शोधावं लागतं. इथे जर्नल, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवही, उघडली की कोणती तपासणी जुळली आणि का जुळली, दोन्ही सरळ लिहिलेलं असतं: अमुक युजर अमुक टर्मिनलवर आहे, अमुक पोर्टवर जोडणी उघडी आहे. एका रात्री सर्व्हर झोपेचना. जर्नलमधली ओळ सांगत होती की सांबाची जोडणी चालू आहे. दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपवर सर्व्हरचं शेअर (वाटून दिलेलं फोल्डर) माउंट करून, म्हणजे जोडून, ठेवलेलं होतं, फाइल एकही उघडी नव्हती. कारण सापडायला मिनिटही लागलं नाही.

उपाय करायला मात्र विचार करावा लागला. जोडणी उघडी आहे म्हणजे काम चालू आहे, असं होत नाही. अशा घरात सांबाची तपासणी काढून नेटवर्कवरून खरोखर किती डेटा जातोय ते पाहणारी तपासणी लावावी. इथे एक गोष्ट नक्की बदला: तिची मूळ मर्यादा सेकंदाला १०० बाइट आहे. घरच्या नेटवर्कवर फोन, टीव्ही, राउटर यांची आपसांतली कुजबुजच त्याहून जास्त असते. तेवढ्यावर ठेवलं तर मशिन कधीच झोपणार नाही. मी आधी रिकाम्या वेळचा आकडा पाहिला, मग सिनेमा चालू असतानाचा पाहिला आणि मर्यादा दोन्हींच्या मध्ये ठेवली. त्याशिवाय प्रोसेसच्या तपासणीत आरसिंक (फाइलींच्या प्रती करणारा) आणि डीपीकेजी (डेबियनवर प्रोग्रॅम बसवणारा) ही दोन नावं घातली आहेत. अपडेट बसत असताना मशिनने डोळे मिटावेत हे मला चालणार नाही. आणखी काही खास हवं असेल तर स्वतःची कमांड देता येते. ती शून्य कोड (म्हणजे ‘यशस्वी’) देऊन संपली तर मशिन कामात आहे असं धरलं जातं.

उठवण्याच्या बाजूनेही हा प्रोग्रॅम बराच समजूतदार आहे. झोपण्याआधी तो पुढचं ठरलेलं काम कधी आहे ते पाहतो. सिस्टिमडीचे टायमर, कॅलेंडर, एखादी फाइल, कुठूनही वेळ घेता येते. मग हार्डवेअरच्या घड्याळात गजर लावतो. गजर ३० सेकंद आधीचा असतो, म्हणजे काम सुरू व्हायच्या वेळेला मशिन पुरतं जागं झालेलं असतं. पुढचं काम वीस मिनिटांच्या आत असेल तर झोपायच्या फंदातच पडत नाही. डिस्क थांबवून लगेच पुन्हा फिरवण्यापेक्षा हे कधीही बरं. सोबत एक दुसरी सर्व्हिस येते, ती चालू करायला विसरू नका. तुम्ही हाताने झोपवलंत तरी गजर लावला जातो तो तिच्यामुळे. माझा रात्रीचा बॅकअप तीन वाजता असतो. मशिन त्याच्या जरा आधी उठतं, काम उरकतं आणि पुन्हा झोपतं.

आता त्या अटीबद्दल, कारण खरा वेळ तिथेच जातो. ऑटोसस्पेंड बसवण्याआधी आरटीसीवेक ही मशिनला झोपवून ठरल्या वेळी उठवणारी कमांड ‘मेम’ मोडमध्ये साठ सेकंदांसाठी चालवा. मशिन झोपलं, मिनिटाने आपोआप उठलं, नेटवर्क परत आलं, डिस्क दिसल्या, तरच पुढे जा. त्याआधी /सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल वाचा. तिथे ‘एसटूआयडल’ आणि ‘डीप’ असे शब्द दिसतील, त्यातला चौकटी कंसातला सध्या निवडलेला. ‘डीप’ म्हणजे खरी एसथ्री झोप, जिच्यात वीज जवळपास फक्त रॅमला मिळते. ‘एसटूआयडल’मध्ये प्रोसेसर नुसता निवांत पडून असतो, त्यामुळे बचत कमी. ‘डीप’ उपलब्ध असूनही निवडलेलं नसेल तर कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) बूट ओळीत मेम_स्लीप_डिफॉल्ट देऊन बदलता येतं. काही नव्या बोर्डांवर ‘डीप’ नसतंच. तिथे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पर्याय आहे का ते बघायचं, नसेल तर आहे त्यावर भागवायचं.

माझ्या बोर्डचा आजार वेगळा होता. झोपायचं आणि दोन सेकंदांत ताडकन उठायचं. अशा वेळी /प्रॉक/एसीपीआय/वेकअप ही फाइल उघडावी. चार रकान्यांचा साधा तक्ता आहे: उपकरणाचं चार अक्षरी नाव, कोणत्या झोपेतून उठवू शकतं ते, चालू की बंद, आणि शेवटी पीसीआयचा पत्ता. माझ्याकडे दहा-बारा ओळी चालू होत्या, त्यात यूएसबीचा कंट्रोलर होता आणि पीसीआयचे काही पूल होते, म्हणजे कार्डांना मदरबोर्डशी जोडणारे दुवे. एकेक बंद करत, दर वेळी झोपवून बघत गेलं की दोषी सापडतो. माझ्या बाबतीत ग्राफिक्स कार्डाच्या मागचा पूल निघाला. सरसकट सगळे बंद करू नका. नेटवर्क कार्ड ज्या पुलामागे बसलंय तोही बंद झाला तर नेटवर्कवरून उठवणं बहुधा जातं.

या फाइलचा एक स्वभाव नीट ध्यानात ठेवा. तिच्यात उपकरणाचं नाव लिहिलं की स्थिती उलटते: चालूचं बंद, बंदचं चालू. बूट झाल्यावर सगळं मूळपदावर येतं, म्हणून लोक एक छोटी सर्व्हिस लिहून नाव लिहायचं काम तिला देतात. ती सर्व्हिस काही कारणाने दोनदा चालली की बंद केलेलं उपकरण पुन्हा चालू, आणि आजार परत. त्यापेक्षा यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणं सांभाळणारा भाग) नियम लिहून त्या उपकरणाच्या पॉवर/वेकअप फाइलमध्ये ‘डिसेबल्ड’ घालणं पक्कं काम. कितीही वेळा चाललं तरी निकाल तोच.

नेटवर्कवरून उठवायला नेटवर्क कार्डाची वेक-ऑन-लॅन ही सोय लागते. ईथटूल या कमांडने कार्डाची माहिती काढली की ‘वेक-ऑन’समोर एक अक्षर दिसतं. ‘डी’ म्हणजे बंद, ‘जी’ म्हणजे मॅजिक पॅकेट या खास संदेशावर उठणार. ‘जी’च ठेवा. ‘यू’ ठेवलंत तर मशिनच्या नावाने आलेलं कुठलंही पॅकेट त्याला उठवेल आणि घरातला प्रत्येक फोन त्याची झोप मोडेल. मॅजिक पॅकेट म्हणजे सहा वेळा एफएफ आणि पुढे सोळा वेळा मशिनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक), सगळे मिळून १०२ बाइट. हे पॅकेट ब्रॉडकास्टवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना उद्देशून, पाठवावं लागतं, कारण झोपलेलं मशिन एआरपीला (‘हा आयपी कुणाचा?’ या विचारणेला) उत्तर देत नाही. थेट आयपीवर पाठवलं तर सुरुवातीला चालल्यासारखं वाटतं, कारण राउटरला पत्ता अजून आठवत असतो. थोड्या वेळाने तो विसरतो, आणि ‘काल चालत होतं, आज का नाही’ हा प्रश्न उभा राहतो.

हे सेटिंग टिकवायला सिस्टिमडीची लिंक फाइल (नेटवर्क कार्डाची सेटिंगं ठेवणारी) उत्तम, पण तिथेही एक खाच आहे. कार्डाशी जुळणारी पहिली फाइलच लागू होते. मूळ फाइलमधला नाव ठरवणारा भाग आपल्या फाइलमध्ये उतरवून घेतला नाही, तर इंटरफेसचं नाव बदलू शकतं आणि सर्व्हर नेटवर्कवरूनच गायब होतो. ज्या मशिनला पडदा नाही त्याच्या बाबतीत हे फार महागात पडतं.

ऑटोसस्पेंडमध्ये मला खटकतं ते थोडंच. सगळं काम मजकुराच्या एका फाइलमधून, पडद्यावर टिचक्या मारून काही होत नाही. माहितीपुस्तिका नेटकी आहे, पण कोणत्या घरात कोणती तपासणी लावावी याचं मार्गदर्शन तिच्यात फारसं नाही. नवख्या माणसाला एसएसएच आणि लोड यांपलीकडे काय घ्यावं ते कळत नाही. शिवाय तपासण्या ठरावीक अंतराने होतात, त्यामुळे मधल्या फटीत येऊन गेलेली छोटी हालचाल त्यांना दिसेलच असं नाही. वाट बघायचा वेळ ऐसपैस ठेवला की याचा त्रास होत नाही.

आणि काही गोष्टी कुठल्याही प्रोग्रॅमच्या हातात नाहीत. झोपलेल्या सर्व्हरवरचं एनएफएस शेअर (फाइली वाटायची आणखी एक पद्धत) ‘हार्ड’ माउंट केलेलं, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबून राहणारं, असेल तर तिकडचा लॅपटॉप ताटकळत बसतो, म्हणून मी ऑटोमाउंट, म्हणजे गरज पडेल तेव्हाच जोडणं, वापरते. फिरत्या डिस्कांना वेग घ्यायला काही सेकंद जातात, तेवढा धीर घरच्यांनी धरायचा. माझ्या घरी फोनवर मॅजिक पॅकेटचं बटण ठेवलंय, ते सगळ्यांना सवयीचं झालंय. पण घराचा डीएनएस (वेबसाइटच्या नावांचे पत्ते शोधून देणारी सेवा), कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग किंवा दिवे-पंख्यांचं नियंत्रण याच मशिनवर असेल तर त्याला झोपवायच्या भानगडीत पडू नका. ती कामं कमी विजेवर चालणाऱ्या एखाद्या छोट्या बोर्डवर हलवा, मगच ऑटोसस्पेंड बसवा. डेबियनच्या भांडारात तो तयार मिळतो.