लंडनच्या जुन्या गोद्या: सेंट कॅथरीन, वेस्ट इंडिया की रॉयल?

लंडनमध्ये जुन्या गोद्यांसाठी एकच दिवस हाताशी असेल, तर वेस्ट इंडिया डॉक्सला जा. टॉवर ब्रिज पाहायचं आधीच ठरलं असेल, तर सेंट कॅथरीन त्यातच उरकेल. रॉयल डॉक्स मात्र ज्यांचे पाय चालून दुखत नाहीत त्यांच्यासाठी.

लंडनजवळ थेम्सचं पाणी भरती-ओहोटीत सहा-सात मीटर चढतं-उतरतं. त्यामुळे नदीकाठी मोठाले तलाव खोदून जहाजं लॉकगेटमधून (पाणी अडवणाऱ्या दारांतून) आत घ्यायची आणि पाणी एकाच पातळीवर राखायचं, अशी इथली रीत. कंटेनरची अवाढव्य जहाजं आली तेव्हा ती या गेटांतून मावेनात आणि व्यापार नदीच्या मुखाकडे, टिलबरीला सरकला. सेंट कॅथरीन 1968 मध्ये बंद पडली, वेस्ट इंडिया 1980 मध्ये, रॉयल 1981 मध्ये. पुढे तिन्हींचा कायापालट वेगवेगळ्या तऱ्हेने झाला आणि कुठे जायचं हे त्यावरच ठरवावं.

सेंट कॅथरीन 1828 ची, टॉमस टेलफर्ड या इंजिनिअरने बांधलेली. तिच्यासाठी अकरा हजारांहून जास्त लोकांची वस्ती उठवली होती. आज तिथे खासगी नौका, फ्लॅट आणि हॉटेलं आहेत. जुन्यापैकी आयव्हरी हाउस ही वखार तेवढी नीट पाहण्यासारखी. बाकी बरंचसं बॉम्बहल्ल्यात आणि नंतरच्या बांधकामात गेलं. टॉवर हिल स्टेशनहून दहा मिनिटं चाललं की पोचता, पाऊण तासात पाहून होते. नौका आत येताना पाहायच्या असतील तर लंडन ब्रिजचं भरतीचं वेळापत्रक आधी बघा, कारण गेट भरतीच्या आगेमागेच उघडतं.

वेस्ट इंडियात वेळ घालवा. 1802 मध्ये सुरू झालेल्या या गोदीच्या वखारींची लांबलचक रांग 1940 च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. उरलेल्यांपैकी पहिल्या क्रमांकाच्या वखारीत आता लंडन म्युझियम डॉकलँड्स आहे. प्रवेश मोफत, वेळ सकाळी दहा ते पाच. वर तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात करून खाली उतरत या. निवांत पाहायचं तर अडीच-तीन तास लागतात. आत शिरण्याआधी बाहेरून खालच्या खिडक्यांचे टोकदार लोखंडी गज पाहा. आत साखर आणि रम असायची, आणि चोरीची धास्ती एवढी की गोदीभोवती उंच भिंत घातली होती. ही साखर वेस्ट इंडिजमधल्या गुलामांनी पिकवलेली. त्यावरचं दालन अजिबात गाळू नका, ते पाहिल्याशिवाय बाहेरच्या श्रीमंतीचा पाया कळत नाही. गोदीच्या मालकांपैकी रॉबर्ट मिलिगनचा पुतळा दारासमोर होता, तो जून 2020 मध्ये हलवला.

समोरच कॅनरी वॉर्फ, उंच ऑफिस-इमारतींचा भाग. 1991 चा वन कॅनडा स्क्वेअर हा मनोरा 235 मीटर उंच आहे; त्याच्या पायथ्याशी उभं राहून मागे वखारीकडे पाहिलं की बदलाचा आवाका डोळ्यांत भरतो. एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गाच्या स्टेशनवरची छतावरची बाग मोफत आहे. पाऊस असेल तर दुपार तिथेच काढा.

चुका होतात त्या स्टेशनांत. कॅनरी वॉर्फ नावाची तीन वेगळी स्टेशनं आहेत: ज्युबिली लाइनचं, एलिझाबेथ लाइनचं आणि डीएलआरचं (डॉकलँड्स लाइट रेल्वे). म्युझियमसाठी डीएलआरचं ‘वेस्ट इंडिया की’ (Quay) हे स्टेशन सर्वांत जवळ, पण ‘बँक’ स्टेशनकडून लुईशमकडे जाणाऱ्या गाड्या तिथे बहुधा थांबत नाहीत. अशा वेळी कॅनरी वॉर्फला उतरून पाचेक मिनिटं चाला. डीएलआरच्या बहुतेक स्टेशनांवर फाटक नसतं, त्यामुळे बाहेर पडताना कार्ड टेकवायचं राहून जातं आणि जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. जाताना फोन आणि येताना कार्ड असंही करू नका, मशीन ते दोन वेगळे प्रवासी धरतं.

रॉयल डॉक्सचा आवाका मोठा. व्हिक्टोरिया 1855 ची, अल्बर्ट 1880 ची. त्याच 1880 मध्ये मुंबईत प्रिन्सेस डॉक सुरू झाला. पी अँड ओ या जहाज कंपनीची जहाजं अल्बर्टला लागत आणि त्यांवर रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे खानसामे असत. आपल्याकडून गेलेल्या माणसासाठी ओढ इथेच जास्त. पण अवशेष कमी: पाण्याकाठच्या जुन्या क्रेन, मिलेनियम मिल्स या जुन्या पिठाच्या गिरणीची इमारत आणि मधोमध लंडन सिटी विमानतळ. कस्टम हाउसला एलिझाबेथ लाइनने उतरा, पादचारी पुलावर लिफ्टने चढा, मग चालत किंवा डीएलआरने पॉन्टून डॉकला येऊन थेम्स बॅरियर (पुराचं पाणी अडवणारे नदीतले दरवाजे) पाहा. थेम्सवरून जाणारी केबल कार वारा जोराचा असला की थांबते, आणि तिचं भाडं दिवसाच्या कमाल भाड्यात (एका दिवसात कार्डावरून कापायच्या रकमेची मर्यादा) धरलं जात नाही. नदीवरच्या क्लिपर बोटींचंही तसंच. दोन डॉकच्या मधलं अंतर नकाशावर दिसतं त्याहून बरंच जाणवतं आणि अधेमधे खाण्याची सोय तुटक, तेव्हा डबा बरोबर घ्या.

लहान मुलं आणि बाबागाडी असेल तर वेस्ट इंडियाच सोयीचं. तिथून डीएलआरने आयलंड गार्डन्सला जाऊन 1902 च्या भुयारातून नदीखालून ग्रीनविचला पायी जाता येतं. लिफ्ट बंद असेल तर दोन्ही टोकांना शंभरेक पायऱ्या लागतात. डिसेंबरात चारनंतर अंधार पडतो, म्हणून हिवाळ्यात आधी धक्के आणि भुयार, मग म्युझियम असा क्रम लावा आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ आधी बघून ठेवा.