42 चा बेल्ट 42 च्या घड्याळाला बसत नाही: 3,027 रुपये घालवून लिहितोय

आधी हिशोब. ॲपलच्या घड्याळाचे चार बेल्ट, 499 प्रमाणे 1,996 रुपये. परत पाठवायला पोस्टाचे 83. ‘साइज बदली’चे म्हणून 349. त्यानंतर अडॅप्टरचे 599. एकूण 3,027 रुपये. तीनदा तालुक्याला जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं आणि दुकान बंद राहिलं ते वेगळं. ज्यांना ही रक्कम किरकोळ वाटते त्यांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या बाजाराच्या गावात मोबाइल-घड्याळ दुरुस्तीचं दुकान महिनाभर चालवून पाहावं.

मामला साधा होता. गिऱ्हाइकाकडे, गावातल्या गुरुजींकडे, ॲपलचं सिरीज 3 होतं, 42 मिमीचं. त्याचे चार बेल्ट चांगल्या स्थितीत. मुलाने नवं सिरीज 10 पाठवलं, तेही 42 मिमीचंच. जुने बेल्ट नव्याला बसेनात. बेल्ट जुने झाले, टोकं फुगली असतील, असा अंदाज मी केला आणि नवे 42 चे बेल्ट ऑनलाइन मागवले. चूक इथे झाली, हे कबूल. पण जुन्या बेल्टवर आत 42 मिमी लिहिलेलं, नव्या घड्याळाच्या पाठीवर 42 मिमी कोरलेलं. दोन्हीकडे एकच आकडा असताना कोण शंका घेईल? आमच्याकडे रोज येतात ती दोन-तीन हजारांची, पिनवाली, 20 किंवा 22 मिमी रुंद बेल्टची घड्याळं. तिथे 22 म्हणजे 22. ॲपल वर्षातून दोनदा दुकानात येतं.

आता खरी गोष्ट, कारण फसवणारा तिच्यावरच जगतो. ॲपलच्या घड्याळावरचा आकडा हा केसच्या उंचीचा आहे, बेल्टचं टोक ज्यात सरकतं त्या खाचेचा नाही. 2015 पासून ही घड्याळं लहान आणि मोठ्या अशा दोन मापांत येतात. लहान 38, मग 2018 मध्ये सिरीज 4 पासून 40, 2021 मध्ये सिरीज 7 पासून 41. मोठं 42, मग 44, मग 45. केस वाढत गेली तरी खाचेचे गट दोनच राहिले, म्हणून 38 चा बेल्ट 41 ला बसतो आणि जुन्या 42 चा 45 ला बसतो. 2024 मध्ये सिरीज 10 आलं आणि त्यात लहान घड्याळ 42 चं झालं, मोठं 46 चं. म्हणजे जो 42 आकडा नऊ वर्षं मोठ्या गटाचा होता तोच आता लहान गटाचाही झाला. 2025 च्या सिरीज 11 ची मापंही हीच.

तेव्हा लिहून ठेवा. लहान गट: 38, 40, 41 आणि सिरीज 10-11 मधला 42. मोठा गट: सिरीज 3 पर्यंतचा जुना 42, मग 44, 45, 46 आणि ॲपलच्याच अल्ट्रा घड्याळाचा 49. सिरीज 10 च्या 42 ला सिरीज 9 च्या 41 चा बेल्ट बसेल, ॲपलच्याच स्वस्तातल्या एसई घड्याळाच्या 40 चा बसेल, पार 2015 च्या 38 चाही बसेल. सिरीज 3 च्या 42 चा बसणार नाही. दोन्ही घड्याळं शेजारी ठेवली तर उंची-रुंदी जवळपास सारखीच दिसते, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. बेल्टच्या टोकावर आणि घड्याळाच्या खाचेवर व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावा. माझ्या ड्रॉवरमध्ये व्हर्नियर होता. बेल्ट मागवायच्या आधी मी तो लावला नाही.

पण ज्याचा आजही संताप होतो ती जागा दुसरी आहे. त्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर बेल्टच्या फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘42/44/45/46/49’. हे मी वाचलं होतं. वाचून उलट बरं वाटलं, की सगळ्याच घड्याळांना बसतो. 42 च्या शेजारी 44 आणि 49 बसलेत म्हणजे तो जुना, मोठा 42 आहे, हे त्या एका ओळीत उघडं पडलं होतं. नव्या लहान 42 चा बेल्ट असता तर शेजारी 38, 40, 41 असते. बेल्टवर एकटा 42 कधीच वाचू नका, त्याच्या शेजारचे आकडे वाचा. आणि शेजारी कुठलेच आकडे नसतील तर पैसे देऊ नका.

तरी मी चॅटवर विचारलं होतं, हेही सांगतो, कारण नंतर सगळे ‘विचारायचं ना’ म्हणतात. स्पष्ट लिहिलं होतं: सिरीज 10, 42 मिमी, बसेल का? उत्तर आलं: ‘100 टक्के सर, 42 म्हणजे 42.’ तुमच्या पिनकोडला पार्सल आल्यावर पैसे द्यायची सोय नाही, आधी यूपीआय करा, असंही सांगितलं. खेड्यातल्या पिनकोडला हे उत्तर नेहमीच मिळतं, म्हणून खटकलं नाही. खटकायला हवं होतं. पानावर दुकानाचं कायदेशीर नाव नाही, पत्ता नाही, तक्रार अधिकाऱ्याचं नाव नाही. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे ही माहिती देणं बंधनकारक आहे. नसेल तर तिथेच थांबायचं.

पार्सल आलं. बेल्ट खाचेत सरकवला तर निम्म्यावर अडकला. मोठ्या गटाचा बेल्ट लहान खाचेला लावला की टोक दोन्ही बाजूंनी जरासं बाहेर राहतं आणि मधली कळ बसण्याचा ‘टक’ आवाज येत नाही. जोर लावू नका. मधल्या स्प्रिंगच्या कळीने खाच आतून ओरखडते, मग बरोबरचा बेल्टही नीट बसत नाही. उलट प्रकार जास्त धोक्याचा: लहान गटाचा बेल्ट मोठ्या घड्याळात आरामात सरकतो, बसल्यासारखा वाटतो आणि हात झटकला की सरकत बाहेर येतो. गाडीवर खड्ड्यात किंवा विहिरीवर दोर ओढताना घड्याळ गेलं तर सापडत नाही. खात्री अशी करायची: टक आवाज आला पाहिजे, आणि मागचं बटण न दाबता बेल्ट दोन्ही दिशांना ढकलून पाहिला तर हलता कामा नये.

बेल्ट बसत नाही म्हणायच्या आधी एक काम मात्र करा. आपल्याकडे काळी माती आणि फवारणीचा राप खाचेत जाऊन सुकतो, मागची बटणं अर्धीच दाबली जातात. बटण दाबून धरून बेल्ट काढा, खाच साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने पुसा. साबण, पेट्रोल, थिनर काही नको. मी हे केलं, तरी बेल्ट बसला नाही, तेव्हा खात्री पटली की माप चुकलंय.

कळवल्यावर तो ऑनलाइन विकणारा म्हणाला, परत पाठवा, साइज बदलून देतो, 349 भरा. पाठवले. दुसऱ्या पार्सलमध्ये चार बेल्ट आले, टोकाच्या आतल्या बाजूला छोटं स्टिकर: ‘42 एस10’. तेही तसेच अडकले. नखाने स्टिकर काढलं तर खाली रबरातच ‘44/45’ उमटवलेलं. तेच बेल्ट होते. एकावर तर पहिल्या वेळी व्हर्नियरच्या टोकाचा पडलेला ओरखडाही तसाच होता, कारण तोवर मी मोजून पाहिलं होतं. 349 रुपये एका स्टिकरचे घेतले. बेल्टवर स्टिकर दिसलं तर ते आधी काढून पाहा. खरं माप टोकावर कोरलेलं किंवा छापलेलं असतं, चिकटवलेलं नसतं.

मग त्याने अडॅप्टर पुढे केला. ‘42 ते 42 अडॅप्टर, 599, यावर नक्की बसेल.’ इथे मला माझ्या धंद्याची लाज वाटते, कारण अडॅप्टर काय करतो हे मला माहीत आहे. ॲपलच्या खाचेत सरकणारा तो धातूचा तुकडा असतो, बाहेरच्या बाजूला पिन लावायला जागा असते, म्हणजे 20 किंवा 22 चा साधा पिनवाला बेल्ट लावता येतो. जुन्या ॲपल बेल्टचं टोक पिनचं नसतंच, ते स्वतःच सरकायचं टोक असतं. त्याला अडॅप्टर लावायला जागा नाही. मोठ्या गटाचा बेल्ट लहान घड्याळाला बसवणारा अडॅप्टर म्हणून कोणी काही विकत असेल तर ती लबाडी आहे. तरी मी 599 भरले, कारण गुरुजी तिसऱ्यांदा दुकानात येऊन गेले होते आणि 2,428 रुपये बुडाले हे मान्य करायला मन तयार नव्हतं. अडॅप्टर आलाच नाही. नंबर बंद.

दुसऱ्या घड्याळवाल्यांनी निश्चिंत राहू नये, कारण हाच खेळ तिथेही चालतो. सॅमसंगच्या वॉच 4, 5, 6, 7 ला 20 मिमीचा पिनवाला बेल्ट चालतो, पण 2025 च्या वॉच 8 ला कंपनीची वेगळी बसवणी आहे, त्याला हे बेल्ट थेट लागत नाहीत. आणि 2018 च्या 46 मिमीच्या गॅलेक्सी वॉचचा बेल्ट 22 चा होता, तो 20 च्या घड्याळाला लावायचा प्रयत्न करू नका. शाओमीच्या बँड 3 आणि 4 चे बेल्ट एकमेकांना चालतात, 5 आणि 6 चे एकमेकांना चालतात, पण 8 ला बेल्ट जोडायची पद्धतच बदलली. फिटबिट व्हर्सा 2 चा बेल्ट व्हर्सा 3 ला बसत नाही. स्वस्तातल्या पिनवाल्या घड्याळांत 20 चा बेल्ट 22 च्या जागेत लावला तर दोन्ही बाजूंना एकेक मिमी फट राहते, पिन सरकत राहते आणि एक दिवस सुटते. 22 चा रबरी बेल्ट 20 मध्ये दाबून बसतो, पण पिनचं टोक भोकात पूर्ण जात नाही. घड्याळ उलटं ठेवून दोन टोकांमधलं आतलं अंतर मोजा, डायलचा व्यास मोजू नका.

आता पोलीस ठाण्याचं. पहिल्या दिवशी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘पट्ट्यासाठी आले काय जी? इथं सोयाबीनचे चोर सापडून नाही राहिले.’ अर्ज लिहून द्या म्हणाले. दिला. दुसऱ्या वेळी तो अर्ज सापडत नव्हता, पुन्हा लिहा. तिसऱ्या वेळी सायबरचं काम पाहणारे साहेब जिल्ह्याला गेले होते, आणि जे होते ते म्हणाले की विकणारा परराज्यातला, आपली हद्द नाही, शिवाय वस्तू तर आली ना तुम्हाले, मग फसवणूक कशाची, हा दिवाणी मामला. स्टिकरचा बेल्ट त्यांच्या टेबलावर ठेवला, स्टिकर काढून दाखवलं. त्यांनी तो हातातही घेतला नाही. हद्दीचं कारण देणं चूक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्ह्याची माहिती गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी देता येते. हे कलम मी कागदावर छापून नेलं होतं. ‘तुम्ही आमाले कायदा शिकवता काय’ एवढंच उत्तर मिळालं. पोच म्हणून शिक्का मागितला तर साहेब आल्यावर या म्हणाले. बँकेच्या शाखेत गेलो तर यूपीआय तुम्हीच केला, पिन तुम्हीच टाकला, आमचा संबंध नाही. कोणाचाच संबंध नाही. माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून येतो आणि त्याला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात, तो शेवटी थकून घरी बसेल एवढ्याच हिशोबाने. अशी किती माणसं घरी बसली असतील या एका तालुक्यात, ज्यांचे 500 गेले, 1,200 गेले, आणि ज्यांनी लाजेखातर घरातही सांगितलं नाही?

म्हणून हे करा. पैसे गेल्याचं कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, त्याच तासात, कारण रक्कम पुढे सरकायच्या आत अडवली गेली तरच काही मिळायची आशा. मी अकरा दिवसांनी केला. चॅटचे स्क्रीनशॉट लगेच घ्या, समोरचा ती पुसतो. पार्सल उघडताना पहिल्या टेपपासून सलग व्हिडिओ काढा, बेल्टच्या टोकावरचं माप त्यात दिसू द्या. ग्राहक हेल्पलाइन 1915. जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घेणं आणि पैसे देणं नाकारता येत नाही, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात झालं पाहिजे, हे त्याच 2020 च्या नियमांत आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विकणाऱ्याच्या गावाला जावं लागत नाही. अर्ज ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर घरून भरता येतो. वकील लागतोच असं नाही.

मी तक्रार भरली आहे. सोबत बिल म्हणून यूपीआयच्या तीन पावत्या, चॅट, आणि स्टिकर काढण्याच्या आधीचा व नंतरचा फोटो. गुरुजींना त्यांचे पैसे मी खिशातून परत केले. त्यांच्या घड्याळाला शेवटी एसईच्या 40 चा एक वापरलेला बेल्ट लावून दिला, पहिल्याच वेळी टक आवाज करून बसला. त्यांचे सिरीज 3 चे चार बेल्ट दुकानात डब्यात आहेत, 44 किंवा 45 चं घड्याळ असणाऱ्याने यावं, आधी लावून पाहावं आणि मगच न्यावेत.