आयआरएस डायरेक्ट पे: क्लासच्या फीमधून दर महिन्याला थोडा टॅक्स

मी न्यू जर्सीत घरी हार्मोनियम शिकवते. आठ विद्यार्थी आहेत. काही पालक झेलने (बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सोय) फी पाठवतात, काही रोख देतात. खर्च वजा जाता वर्षाकाठी साधारण ९,००० डॉलर उरतात. नवऱ्याच्या पगारातून टॅक्स कापला जातोच, मग माझ्या एवढ्याशा कमाईचं काय, असं पहिलं वर्षभर धरून चालले. रिटर्न भरायला बसलो तेव्हा कळलं की निव्वळ कमाई ४०० डॉलर झाली की सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःच्या कामाच्या कमाईवरचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा टॅक्स) लागू होतो. कमाईच्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के. माझे झाले १,२७२ डॉलर, आणि इन्कम टॅक्स वेगळा. एप्रिलमध्ये एकदम एवढी रक्कम काढताना पोटात गोळा आला होता.

त्यानंतर दोन वर्षं मी आयआरएसचं (अमेरिकेच्या केंद्रीय टॅक्स खात्याचं) डायरेक्ट पे, म्हणजे बँकेतून थेट टॅक्स भरायची ऑनलाइन सोय, वापरते आहे आणि मनापासून समाधानी आहे. साइटवर खातं उघडावं लागत नाही, पासवर्ड नाही, शुल्क नाही. (कार्डाने भरलं तर मधली कंपनी शुल्क घेते.) बँकेचा राउटिंग नंबर आणि खाते क्रमांक हाताशी असला की पाच मिनिटांत काम होतं. ओळख पटवण्यासाठी मागच्या एखाद्या वर्षाच्या रिटर्नमधली माहिती द्यावी लागते, आणि पत्ता त्या रिटर्नवर होता तोच लागतो. आम्ही मध्ये घर बदललं, त्यामुळे मी अजून जुन्या घराचा पत्ता टाकते.

ज्या कमाईतून टॅक्स आपोआप कापला जात नाही, तिचा अंदाजे टॅक्स (एस्टिमेटेड टॅक्स) हप्त्यांनी आगाऊ भरायचा असतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चारच हप्ते भरायचं बंधन नाही. मुदती चार आहेत: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी. पण त्या त्या मुदतीपर्यंत पुरेसे पैसे पोहोचले की झालं, मधे कितीही वेळा भरा. मी दर महिन्याच्या ५ तारखेला भरते, कारण तेव्हा फी जमा झालेली असते. वर्षाचे २,४०० डॉलर धरलेत. फेब्रुवारी ते एप्रिल दरमहा २००. जूनची मुदत एप्रिलनंतर दोनच महिन्यांत येते, म्हणून मे आणि जूनमध्ये ३००-३००. जुलै ते सप्टेंबर पुन्हा २००, आणि ऑक्टोबर ते जानेवारी १५०. सुट्टीत मुलं भारतात जातात, फी निम्म्यावर येते, तेव्हा आधी भरलेल्या मे-जूनच्या रकमेचा फार आधार वाटतो. तारखा आधीच लावून ठेवता येतात, आणि बदलायचं असेल तर दोन कामकाजाचे दिवस आधीपर्यंत रद्दही करता येतं.

जपायचं ते एकाच ठिकाणी. पैसे भरण्याचं कारण म्हणून 'एस्टिमेटेड टॅक्स', फॉर्म '१०४०-ईएस' (याच हप्त्यांचा फॉर्म), आणि मग वर्ष निवडायचं. जानेवारीतला हप्ता सरलेल्या वर्षाचा असतो. पहिल्या खेपेला मी नवंच वर्ष निवडलं होतं, शेवटच्या पडद्यावर लक्षात आलं. पैसे गेले की मिळणारा कन्फर्मेशन नंबर मी फीच्या वहीतच लिहिते, रिटर्नच्या वेळी बेरीज तिथेच तयार असते.

किती भरायचं हे मात्र डायरेक्ट पे सांगत नाही. त्यासाठी १०४०-ईएसचा तक्ता आधी घेऊन बसा. विदहोल्डिंग (पगारातून कापलेला टॅक्स) वजा करून १,००० डॉलरपेक्षा कमी देणं निघणार असेल, तर हे हप्ते भरावे लागत नाहीत. विदहोल्डिंग आणि हप्ते मिळून यंदाच्या टॅक्सच्या ९० टक्के किंवा मागच्या वर्षीच्या टॅक्सइतके भरले, तरी दंड नाही. (मागच्या वर्षीचं उत्पन्न १,५०,००० डॉलरच्या वर असेल तर तिथे ११० टक्के धरतात.)

दुसरा मार्गही आहे. नवऱ्याच्या डब्ल्यू-४ मध्ये (पगारातून किती टॅक्स कापायचा हे कंपनीला कळवायचा फॉर्म) ४(सी) या ओळीत जास्तीची कपात लिहिली की हप्त्यांची गरजच उरत नाही. ज्यांना तारखा सांभाळणं जमत नाही त्यांनी तेच करावं. मी केलं नाही. माझ्या क्लासचा टॅक्स माझ्या फीमधून जावा, असं मला वाटतं.

राज्याचा टॅक्स डायरेक्ट पेने भरता येत नाही. न्यू जर्सीचे हप्ते राज्याच्या साइटवर वेगळे भरावे लागतात, मी ते त्याच संध्याकाळी उरकते.