घोडी जुंपून सात महिने: खरी परीक्षा गळपट्ट्याची

घोडी घेतली तेव्हा जो तो तिचं वय, दात, पाय विचारत होता. तिच्या गळ्यात काय घालणार, हे कुणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही, आणि तिथंच फसलो.

घोडी नऊ वर्षांची, वजन 420 किलोच्या आसपास. काम दोनच: ओळींमधली कोळपणी (पिकातलं तण काढणं) आणि हलक्या गाडीतून चारा, खत वाहणं. घोडं दिवसभर सावकाश ओढतं तेव्हा साधारण अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका जोर लावतं, म्हणजे हिचा 42 किलोचा. ताशी 4 किलोमीटरनं चालली तर साडेचारशे वॅट होतात. एक अश्वशक्ती 746 वॅटची, म्हणजे आमची घोडी पाऊण अश्वशक्तीलाही पोचत नाही! रुतलेली गाडी हिसक्यानं काढताना मात्र क्षणभर कितीतरी पट जोर लावते.

पहिले दोन महिने छातीपट्टा, म्हणजे छातीवरून आडवा जाणारा पट्टा, वापरला. हलक्या गाडीला तो ठीक आहे. कोळपं जमिनीत बसलं की मात्र पट्टा वर सरकायचा आणि श्वासनळी दाबायची. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, सगळी मदार नाकावर. ती फुरफुरून थांबायची आणि मी तिला कामचुकार समजायचो. बैलाचं जू वशिंडापुढं टेकतं. घोड्याला वशिंड नाही, त्याचा जोर खांद्यावर घ्यावा लागतो.

मग गादीचा गळपट्टा आणला. आत घट्ट भरलेली गादी, बाहेरून दोन लोखंडी कमानी, त्यांनाच ओढायच्या साखळ्या. पहिला सैल निघाला. विकणारा म्हणाला, "मान भरली की बसेल." मान भरली नाही, दहा दिवसांत डावा खांदा सोलला. तीन आठवडे काम बंद. दुसरा मापानं घेतला: खाली श्वासनळीपाशी चार बोटं आडवी जायला हवीत, बाजूंनी सपाट बोटं सरकायला हवीत, त्याहून ढिला नको.

आता काम संपलं की आधी गळपट्ट्याखालचा घामाचा ठसा बघतो. सगळीकडे सारखा ओला असेल तर बरं. ओल्या ठशात मधेच कोरडा डाग दिसला, तर तिथं दाब जास्त पडतोय. दुर्लक्ष केलं तर त्या जागी पुढं पांढरे केस उगवतात. डाव्या खांद्यावरचे ते केस माझ्या हलगर्जीपणाची पावती आहेत. हंगामात घोडी उतरते, मान बारीक होते, म्हणून आत घालायची जास्तीची गादी जवळ ठेवलेली बरी.

नालबंदी सहा-सात आठवड्यांनी, त्यात टाळाटाळ चालत नाही. तोबऱ्याबाबत एकच सांगतो: सुट्टीच्या दिवशी दाणा निम्म्यावर आणा. बसून भरपूर दाणा खाल्लेलं घोडं दुसऱ्या दिवशी जुंपलं की मागचे पुठ्ठे आखडू शकतात, लघवी काळपट होते. तसं झालं तर चालवू नका, जिथं आहे तिथंच थांबवून डॉक्टरला बोलवा.

गळपट्ट्याबद्दल तक्रार एकच. तो वरून उघडत नाही. डोकं डोळ्यांपाशी रुंद, म्हणून उलटा धरून डोक्यातून घालायचा, मानेच्या बारीक भागावर फिरवून सुलटा करायचा आणि मग खाली सरकवायचा. अजूनही चारातून एकदा तिचा कान अडकतो, आणि ती शांतपणे माझ्या पायावर पाय ठेवते.