पाय खरे, भांडे खोटे

हाँगकाँगमधील नोकरीच्या सहाव्या वर्षी मी हॉलीवूड रोडवरील एका दुकानातून 21 सेंटिमीटर उंचीचे, तीन पायांचे आणि दोन कानांचे कांस्याचे ‘डिंग’ विकत घेतले आणि त्यात माझे 60 हजार हाँगकाँग डॉलर बुडाले. डिंग म्हणजे पितरांच्या नैवेद्याचे मांस शिजवण्याचे पात्र. इसवी सनापूर्वी 1046 च्या सुमारास संपलेल्या चीनच्या शांग राजवटीतले हे आहे, असे मला सांगण्यात आले. पोटावर वटारलेल्या डोळ्यांचा थाओथिए, म्हणजे काल्पनिक पशूचा मुखवटा होता आणि सोबत थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचा अहवाल होता.

हा अहवाल बनावट नव्हता, आणि मी फसलो तो तिथेच. ओतकामाच्या वेळी पोकळ पायांत अडकून राहिलेली माती तापते आणि त्यानंतर तिच्यात साठत गेलेल्या किरणोत्साराच्या मात्रेवरून ती शेवटची केव्हा तापली याचा अंदाज बांधता येतो. परंतु नमुना ‘एका पायातून’ घेतल्याचे अहवालात स्पष्ट लिहिलेले असूनही मी ते वाक्य ओलांडून थेट निष्कर्षाकडे गेलो. दोन वर्षांनी विम्यासाठी क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा पाय आणि पोट यांच्यामध्ये डाग दिल्याची रेषा दिसली. पाय कुठल्याशा फुटक्या जुन्या पात्राचे होते आणि पोट अलीकडचे.

तपासणाऱ्या बाईंनी पात्र उलटे करून दाखवले. शांग कारागीर मातीचे साचे तुकड्यातुकड्यांनी जोडून ओतकाम करीत, त्यामुळे तीन पायांच्या डिंगच्या तळाशी साच्याच्या सांध्यांची त्रिकोणी खूण बहुधा सापडते. माझ्या पात्राचा तळ मात्र मेणाचा नमुना वितळवून केलेल्या अखंड साच्यातून निघाल्यासारखा गुळगुळीत होता. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवताच हिरवा रंग निघाला आणि खाली पिवळा धातू उघडा पडला. खऱ्या जुन्या कांस्यावर हिरव्या थराखाली बहुधा धातूला घट्ट चिकटलेला तांबडा थर असतो. (कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकले की आई ते ओतून देत असे, कळक धातूतूनच येते हे मला लहानपणापासून ठाऊक होते, तरी मी वरून लावलेल्या हिरवेपणाला भुललो.)

दुकानदाराने पैसे परत करण्यास नकार दिला, कारण पावतीवर ‘शांग शैलीचे’ असे छापलेले होते, ‘शांग काळातील’ असे नव्हे. ‘जुन्या कुटुंबाचा संग्रह’ या त्याच्या तोंडी हमीचा लेखी पुरावा माझ्यापाशी एकही नव्हता. जमिनीतून निघालेला प्राचीन वारसा चीनच्या 1982 च्या कायद्यानुसार सरकारच्या मालकीचा असल्यामुळे, कुठून आले हे सांगता न येणारे ते तीन खरे पायही मला आज उजळ माथ्याने विकता येत नाहीत.